नागपूरहून धबधबा, डोह आणि जंगल: पाण्यात पाय घालण्याआधी काय करायचे, कोणत्या क्रमाने

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी नागपूरहून गाड्या निघतात. कोणी चिखलदऱ्याला, कोणी दरेकसाजवळ हाजरा फॉलला, कोणी पारशिवनीकडे घोगरा महादेवला, कोणी पेंचच्या वाटेला. चूक मात्र सगळीकडे तीच होते. आधी गाडी ठरते, मग डबे भरले जातात, मग पाणी दिसले की कपडे काढून उडी. आभाळ, वरचे धरण, डोहाची खोली, परतीचा घाट या गोष्टी आठवतात त्या पाण्यात उतरल्यावर. हा क्रम उलटा करायचा आहे. टप्पे दिले आहेत त्याच ओळीने घ्या. एखादा टप्पा जुळला नाही तर पुढच्यावर जाऊ नका, धबधबा लांबून पाहून परत या.

टप्पा १: महिना निवडा

बघायचा धबधबा आणि उतरायचा डोह हे दोन वेगळे बेत आहेत. एकाच दिवशी दोन्ही साधायला जातात तिथेच पहिली गडबड होते.

जुलै-ऑगस्टमध्ये धबधबा भरात असतो. नेमक्या याच दिवसांत खालचा डोह उतरण्यालायक नसतो. पाणी गढूळ, तळ दिसत नाही, ओढ प्रचंड. या दोन महिन्यांत फक्त बघायला जा. पाण्यात उतरायचेच असेल तर सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ बरा. पाऊस ओसरलेला असतो, पाणी निवळते, नाले टोंगळ्याएवढे, म्हणजे गुडघ्याएवढे होतात. दसरा-दिवाळीच्या मधले आठवडे सर्वांत चांगले.

जंगलाचे वेळापत्रकही याला जुळते. महाराष्ट्रातल्या व्याघ्र प्रकल्पांचे कोअर क्षेत्र, म्हणजे आतला गाभा, साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनासाठी बंद असते. बफरमधले, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातले काही रस्ते पावसावर अवलंबून चालू-बंद होतात. म्हणजे ऑगस्टमध्ये 'सकाळी सफारी, दुपारी धबधबा' असा बेत आखला तर गेटवरून परत यावे लागेल. ऑक्टोबरमध्ये दोन्ही जमते.

उन्हाळ्याचे काय? एप्रिल-मेमध्ये नाले आटतात आणि जंगलात मोजके डोह उरतात. सांबर, गवा, अस्वल, बिबट्या सगळे त्याच पाण्यावर जगतात, मासेही त्यातच तग धरून असतात. तुम्ही चार तास तिथे बसलात तर जनावर चार तास तहानलेले राहते. उन्हाळ्यात जंगलातल्या डोहावर जायचेच नाही. गावालगतच्या डोहातही साबण, शाम्पू, कपडे धुणे नको. वाहते पाणी घाण पुढे घेऊन जाते, साचलेल्या डोहात ती तशीच राहते.

टप्पा २: जागा कोणाच्या अखत्यारीत आहे ते पाहा

व्याघ्र प्रकल्प, राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या आत नदीत उतरणे हा विषयच नाही. मेळघाटात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे, सिपना, खंडू, खापरा, गाडगा, डोलार या नद्या आहेत, आणि कोलकास-सेमाडोहच्या बाजूला सिपना इतकी सुंदर दिसते की गाडी थांबवून उतरावेसे वाटते. उतरू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे इथला प्रवेशच परवानगीने असतो, आणि परवानगी ठरलेल्या रस्त्यापुरती, ठरलेल्या कामापुरती असते. पेंचचा तोतलाडोह जलाशय आणि ताडोबाचा तलाव इथे मगरी आहेत, तिथे काठावरही जायचे नाही.

प्रकल्पाबाहेरची ठिकाणे तीन प्रकारची असतात, आणि प्रत्येकाची भीती वेगळी.

पहिला प्रकार कड्यावरून बघायच्या धबधब्यांचा. चिखलदऱ्याचे भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट हे त्यातले. इथे पोहण्याचा प्रश्न नाही, धोका कड्याचा. पावसात कठड्यापलीकडचे गवत आणि माती दगडावर नुसती ठेवल्यासारखी असते, पाय पडला की थर निसटतो.

दुसरा प्रकार डोंगरी नाल्यावरच्या धबधब्यांचा, जसा हाजरा फॉल. इथला धोका अचानक वाढणाऱ्या पाण्याचा. हाजराला आणखी एक पथ्य पाळा. इथून मुंबई-हावडा रेल्वेमार्ग जातो, जवळ बोगदा आहे, आणि काही जण फोटोसाठी किंवा जवळची वाट म्हणून रुळांवरून चालतात. पाण्याच्या आवाजात गाडीचा आवाज येत नाही. रुळांवर पाय ठेवू नका.

तिसरा प्रकार धरणाखालच्या खडकाळ नदीपात्राचा. पेंच नदीवरचे घोगरा महादेव हे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण. वर धरणे आहेत. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असताना वरून पाणी सोडले जाऊ शकते. तेव्हा स्थानिक पोलीस ठाणे, ग्रामपंचायत किंवा देवस्थानातल्या माणसांना विचारल्याशिवाय पात्रात पाऊल नको. भोंगा वाजला तर सामान गोळा करत बसू नका, माणसे बाहेर काढा.

तपासा: ठिकाणाचे नाव, तालुका, पोलीस ठाणे, सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय हे सगळे कागदावर लिहून गाडीत ठेवले का? मेळघाटात आणि दरेकसाच्या बाजूला फोनला रेंज मिळेलच असे नाही. मोबाइलमधला नकाशा आधी उतरवून घ्या.

टप्पा ३: आभाळ वाचा, पण आपल्या डोक्यावरचे नव्हे

नागपुरातले आभाळ पाहून काही कळत नाही, धबधब्यावरचे आभाळ पाहूनही पुरेसे कळत नाही. पाणी जिथून येते तिथला पाऊस पाहायचा. पेंच नदी छिंदवाडा जिल्ह्यातून येते, म्हणून पारशिवनीला जाताना छिंदवाडा आणि शिवनीचा अंदाज पाहा. हाजराला जाताना गोंदियासोबत लागून असलेल्या छत्तीसगडच्या बाजूचाही. चिखलदऱ्याला अमरावतीचा अंदाज तर पाहाच, पण शहराला पाऊस नसताना डोंगरावर धो-धो असू शकतो, हे धरूनच चला.

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा रोज निघतो. त्यात 'जोरदार पाऊस' म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी, 'अति जोरदार' म्हणजे ११५.६ ते २०४.४ मिमी. पिवळा इशारा असेल तर धबधबा लांबून पाहा, पाणी विसरा. नारिंगी किंवा लाल असेल तर जाऊच नका. घाटातली दरड आणि रपट्यावरचे (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरचे) पाणी सुट्टीचा दिवस पाहून येत नाही.

आदल्या तीन दिवसांचा पाऊसही मोजा. इथे आपल्या जंगलाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. सह्याद्रीतल्या सदाहरित रानात पालापाचोळ्याचा जाड थर पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. मेळघाटचे सागवानी रान पानझडीचे, उतार उभे, खाली काळा बेसाल्ट. माती एकदा भिजली की पुढचा प्रत्येक थेंब सरळ नाल्यात. म्हणून कोरड्या आठवड्यानंतरचा तासाभराचा पाऊस नाला थोडाच फुगवतो, पण तीन दिवसांच्या झडीनंतरचा तेवढाच पाऊस त्याला माणूस वाहून नेण्याइतका करतो.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप फोनवर घ्या. ॲप नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीस किंवा त्याहून कमी भरले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पाण्यातून आणि कड्यावरून बाहेर या, एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरू नका.

टप्पा ४: सामान

यादी मोठी नको, नेमकी हवी.

दोरी: १५ ते २० मीटर, अंगठ्याएवढी जाड, प्लास्टिकची. सुती आणि नायलॉनची दोरी पाण्यात बुडते, हार्डवेअरच्या दुकानातली साधी निळी-हिरवी प्लास्टिकची दोरी तरंगते. तिच्या एका टोकाला पाच लिटरचा झाकणबंद कॅन बांधा, आत अर्धा लिटर पाणी ठेवा. रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, एवढ्या वजनाने नेमका फेकता येतो. घरासमोरच्या मैदानात दहा वेळा फेकून पाहा. पहिल्यांदाच फेकणाऱ्याच्या हातात दोरीचा गुंता होतोच, तो तिथे होऊ द्या.

काठी: दोन मीटरचा बांबू. त्यावर रंगाने तीन खुणा करा, टोंगळा, कंबर आणि छाती, गटातल्या सर्वांत बुटक्या माणसाच्या मापाने.

जोडे: मागून पट्टा असलेले, रबरी तळाचे. हवाई चप्पल निसटते आणि ती पकडायला माणूस वाकतो. गमबूट तर नकोच, पाणी भरले की पाय उचलत नाहीत.

लाइफ जॅकेट: लहान मुलांना आणि न पोहणाऱ्यांना. घालून पट्टे आवळा आणि खांद्याजवळ धरून वर ओढा. हनुवटीच्या वर सरकले तर ते त्या माणसाचे नाही. हवेच्या रिंगा आणि ट्यूब ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल पाण्यात सोडू नका.

शिट्टी, टॉर्च, कोरडे कपडे, ओआरएस, पट्टीबंधन, पूर्ण बाह्यांचे शर्ट. अत्तर, सुगंधी तेल, भडक परफ्यूम घरी ठेवा, कारण पुढे येईल. दारू गाडीत नेऊच नका. पाण्याजवळ प्यायलेला माणूस स्वतः तर बुडतोच, त्याला काढायला जाणारालाही घेऊन जातो.

टप्पा ५: निघण्याची वेळ आणि रस्ता

चिखलदऱ्याचा हिशोब असा: नागपूर ते अमरावती कोंढाळी-तळेगाव मार्गे दीडशे किलोमीटर, पुढे परतवाडा पन्नास, मग तीसेक किलोमीटर घाट. पावसात पाच ते साडेपाच तास धरा. पहाटे पाचला निघा म्हणजे साडेदहाला वर पोहोचाल. आठला तर्री-पोहे खाऊन निघणाऱ्यांना दुपारचे दोन वाजतात आणि धुक्यात घाट उतरावा लागतो.

घाटात धुके असेल तर हेडलाइट लो-बीमवर. हाय-बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय दाबून धरू नका, ब्रेक तापून हातचे जातात. वळणावर गाडी थांबवून फोटो काढणे बंद.

सावध: रपट्यावर पाणी असेल तर थांबा. वाहते पाणी १५ सेंटीमीटर असले तरी माणसाचे पाय उचलते, ३० सेंटीमीटर छोटी कार तरंगवते, ६० सेंटीमीटरला बहुतेक गाड्या जातात. रपट्याच्या कडेचे पांढरे दगड पाण्याखाली असतील तर रस्ता कुठे संपतो हेही दिसत नाही. समोरची ट्रक गेली हे कारण होत नाही, तिचे वजन तुमच्या कारच्या दहापट आहे. डोंगरी नाल्याचे पाणी जसे चढते तसे काही तासांत उतरते. परत फिरा किंवा गाडीत बसून वाट पाहा.

टप्पा ६: आधी जंगल, मग पाणी

दोन्ही करायचे असेल तर सफारी सकाळची घ्या. सकाळी जनावर हालचालीत असते, आणि दुपारी दमून-भिजून सफारीला बसलेला गट गोंगाट करतो. बुकिंग फक्त वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून. ज्यांच्या नावाने बुकिंग आहे त्यांचे मूळ ओळखपत्र सोबत लागते. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, गाईड सक्तीचा. आठवड्याची सुट्टी प्रत्येक प्रकल्पाची वेगळी, बुकिंग करतानाच पाहा. मोबाइल गेटवर ठेवावा लागू शकतो, म्हणून साधे घड्याळ हातात असू द्या.

प्रकल्पाबाहेरचा धबधबाही जंगलातच असतो, म्हणून काही गोष्टी तिथेही लागू पडतात.

रायमुनियाच्या (घाणेरीच्या) झुडपांतून जाणारी अरुंद पायवाट असेल तर बोलत चला, काठी आपटत चला. अस्वलाला दुरून दिसत कमी, आणि अचानक पुढ्यात माणूस आला की ते पळण्याऐवजी अंगावर येते. मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, भल्या पहाटे मोहाच्या झाडांखालून जाऊ नका.

डोहाच्या काठचा चिखल पाहा. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात आणि खळग्यात पाणी नुकतेच झिरपत असते. जुन्या ठशाच्या कडा ढासळलेल्या, आत पान-माती पडलेली. वाघ-बिबट्याचा ताजा ठसा दिसला तर जागा सोडा. दुपारी तीननंतर कोणत्याही डोहावर थांबू नका, ती वेळ जनावरांची.

कड्याला लटकलेले आग्यामोहोळ शोधा. धबधब्याच्या वरच्या कोरड्या खडकाला काळसर अर्धगोल चकती लटकलेली दिसली तर खाली चूल नको, धूर नको, बिडी-सिगारेट नको, दगड फेकणे, ओरडणे नको. अत्तर घरी ठेवायचे ते यासाठी. माश्या उठल्याच तर तोंड-मान कपड्याने झाका आणि सरळ गाडीकडे किंवा दाट झुडपात पळा. पाण्यात बुडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि श्वास घ्यायला डोके काढले की तिथेच डसतात.

वानरांना खायला घालू नका. हातातली पिशवी ओढण्याची सवय पर्यटकांनीच लावली आहे, आणि कड्याच्या टोकावर त्या ओढाताणीत माणूस तोल घालवतो.

टप्पा ७: डोह वाचा, वीस मिनिटे

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त गाळला जाणारा. पोहोचल्यावर पहिली वीस मिनिटे कोणी उतरायचे नाही. डबे उघडा, चहा घ्या, पण दोन मोठ्या माणसांनी पुढची कामे करायची.

खूण करा. पाण्याच्या कडेला अगदी टेकून एक पांढरा दगड ठेवा, किंवा खडकावर विटेच्या तुकड्याने पाण्याच्या रेषेवर आडवी रेघ ओढा. वेळ पाहा. दहा मिनिटांनी परत पाहा. रेघ दिसते तशीच असेल तर ठीक. दोन बोटे पाणी चढले असेल तर आजचा डोह संपला, वर आभाळ निळे असले तरी. ही रेघ दिवसभर दर दहा मिनिटांनी कोणीतरी पाहत राहायची, त्या माणसाचे नाव आधी ठरवा.

वेग मोजा. काठाने पाच मोठी पावले अंतर घ्या. वरच्या टोकाला वाळलेले सागाचे पान नाही, छोटी काडी टाका. मोठे पान वाऱ्याने सरकते आणि फसवते. काडीने पाच सेकंदांच्या आत ते अंतर कापले तर पाणी न पोहणाऱ्यांसाठी बंद. काडी मध्येच उलटी फिरून धबधब्याकडे परत जाऊ लागली तर तिथे भोवरा आहे, तो भाग सगळ्यांसाठी बंद.

धबधब्याच्या थेट खाली जाऊ नका. तिथले पांढरे, फेसाळ पाणी म्हणजे अर्धी हवा असते. ते अंग तोलून धरत नाही, पट्टीचा पोहणाराही त्यात खाली जातो, आणि कोसळणारी धार त्याला पुन्हा पुन्हा तळाशी ओढते. शिवाय वरून पाण्यासोबत दगड आणि लाकडे येतात. डोक्यावर धार घेण्याची हौस असेल तर मुख्य धारेपासून लांब, बाजूला, टोंगळ्याएवढ्या पाण्यातल्या एखाद्या बारीक झऱ्याखाली भागवा.

खोली मोजा, डोळ्यांनी नव्हे. स्वच्छ पाण्यात तळ खऱ्यापेक्षा वर दिसतो. जो डोह तीन फूट वाटतो तो चार फूट असतो, सहा वाटणारा आठ. पोहता न येणाऱ्याचा जीव या एका फुटात जातो. बेसाल्टचा तळ उताराने खोल होत नाही, पायऱ्यांनी होतो. खडकाचे थर आडवे असतात, एका थराची कड संपली की पुढचे पाऊल डोक्यावरच्या पाण्यात. त्यातच वाहत्या गोट्यांनी घासून केलेले रांजणासारखे गोल खड्डे असतात, वरून काळे डाग वाटतात, आत पुरुषभर खोल. म्हणून काठी पुढे टेकायची, तळ लागला की मगच पाऊल, परत काठी. काठी अचानक छातीच्या खुणेपलीकडे गेली तर तिथून एक पाऊल मागे या आणि त्या ओळीला दगड ठेवून किंवा काठावरच्या झाडाला कापड बांधून सीमा करा.

तपासा: बाहेर येण्याच्या दोन जागा सापडल्या का? उतरायला सोपा खडक चढायला सोपा असतोच असे नाही. हिरवट-काळे शेवाळ असेल तर ओल्या हाताने पकड मिळत नाही. आणि डोहाच्या खालच्या टोकाला पाणी कुठे जाते? तिथे पुढचा धबधबा, अडकलेली झाडे किंवा दगडांची फट असेल तर त्या डोहात कोणीच उतरू नये.

टप्पा ८: उतरणे

उडी नाही. कधीच नाही, कोणीही नाही. मागच्या वर्षी जिथे आठ फूट पाणी होते तिथे यंदाच्या पुराने दगड आणून टाकलेला असतो. मान मोडायला एक उडी पुरते.

चालत, काठी टेकत, पाण्याच्या वरच्या दिशेला तोंड करून उतरा. वाहत्या पाण्यात न पोहणाऱ्यांची हद्द टोंगळा, साचलेल्या पाण्यात कंबर. प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस, हाताच्या अंतरावर, फोन काठावर ठेवून. 'सगळे बघताहेत' म्हणजे कोणीच बघत नाही. एक जण दोरी घेऊन कायम काठावर, कोरड्या कपड्यांत, डोहाच्या खालच्या बाजूला. दर अर्ध्या तासाने बदली.

पाण्याने पुराची सूचना दिली की ती ओळखता आली पाहिजे. निवळ पाणी चहासारखे होऊ लागते. काड्या, पाने, फेस जास्त येऊ लागतो. आवाज बदलतो, खळखळ जाऊन घरघर सुरू होते. ओल्या मातीचा वास येतो. यातले एकही दिसले की शिट्टी तीनदा, आणि सगळे बाहेर. नाल्याच्या कडेने खाली पळू नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगाने धावते. काटकोनात, सरळ वर चढा. चप्पल, मोबाइल, डबे राहू द्या. पलीकडच्या काठावर अडकलात तर ओलांडायचा प्रयत्न नको. उंच जागी बसा, पाणी उतरेपर्यंत.

टप्पा ९: कोणी बुडू लागले तर

आत उडी घेऊ नका. आपल्याकडे एकाला काढताना दोघे-तिघे जातात ते याच कारणाने, आणि बहुधा ते त्याच घरातले असतात.

कॅन त्याच्या अंगावर नव्हे, डोक्यापलीकडे फेका, म्हणजे दोरी त्याच्या हाताशी पडते. फेकणाऱ्याने खाली बसून पाय खडकाला रेटायचे, दोरी हाताला किंवा कमरेला गुंडाळायची नाही. ओरडून सांगा: 'पाठीवर हो, पाय पुढे!' प्रवाहात दोरी ताणली की माणूस आपोआप काठाकडे झोक्यासारखा येतो. दोरी नसेल तर काठी, ओढणी, साडी, काहीही, पण आपण पोटावर झोपून.

बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, पोट दाबू नका, गरगर फिरवू नका. फुप्फुसातले पाणी तसे निघत नाही, पोटातले अन्न मात्र श्वासनलिकेत जाते. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, कोरडे पांघरा. श्वास नसेल तर डोके मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, मग २ श्वास, असेच पुढे. एकाने हे चालू ठेवायचे, दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावायचा. रेंज नसेल तर तिसऱ्याने गाडी घेऊन गावाकडे सुटायचे.

सावध: गटांगळ्या खाऊन शुद्धीवर आलेला माणूस 'मी ठीक आहे' म्हणतो. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, झोपाळल्यासारखे होत असेल तर रुग्णालयातच न्या. त्रास काही तासांनी वाढू शकतो.

साप चावला तर चावलेला भाग हलू देऊ नका, हाताला-पायाला फळी बांधा, अंगठ्या-कडी काढा. चिरू नका, चोखू नका, घट्ट दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय, हाजराच्या बाजूने सालेकसा आणि मग गोंदिया. सापाला मारण्यात किंवा पकडून नेण्यात गेलेला प्रत्येक मिनिट रुग्णाचा जातो.

टप्पा १०: निघताना आणि घरी आल्यावर

अडीचला आवरायला घ्या, तीनला गाडीत. डोकी मोजा, दोनदा, नावे घेऊन. कचरा परत आणा, संत्र्याची साले आणि उरलेले पोहेसुद्धा, कारण त्यांच्या वासाने वानरे आणि रानडुकरे माणसांच्या जागी यायला शिकतात.

घरी आल्याबरोबर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. आंघोळीच्या वेळी काखा, जांघ, कमरपट्ट्याची जागा, टोंगळ्याची मागची बाजू, मुलांच्या कानामागे नीट पाहा. गोचीड असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा पेटती काडी लावू नका.

एक गोष्ट दोन-तीन आठवडे लक्षात ठेवा. पावसाळ्यात आणि नंतरच्या दिवसांत गवत-झुडपात बसल्याने चिगर नावाच्या बारीक किड्यांपासून स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास त्याची मोठी साथ आली होती. किडा चावलेला कळतही नाही. ताप मात्र सहसा एक ते तीन आठवड्यांनी येतो, तोवर सहल विसरली गेलेली असते, आणि तो साधा व्हायरल किंवा डेंग्यू समजून दिवस जातात. अंगावर कुठे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, भोवती लालसर कडा, दुखत नाही, असे दिसले तर ती दाखवा. खपली नसली तरी ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा: 'दोन आठवड्यांपूर्वी जंगलात गेलो होतो, नाल्यात उतरलो होतो.' पाण्यात उतरलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसही होऊ शकतो, म्हणून हे दुसरे वाक्यही तितकेच गरजेचे. दोन्हींवर औषध आहे, आणि ते वेळेत सुरू झाले तर चांगले लागू पडते.